न्यूट्रलमध्ये वाचलेलं पेट्रोल

गाडी चालवता चालवता हेडफोनवर ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या किंवा घरी जाऊन ऐका. आजचा विषयच तसा आहे. पेट्रोल वाचवण्याच्या नादात मी काय वाचवलं आणि काय घालवायच्या बेतात होतो, ते सांगणार आहे.

गोष्ट एप्रिल २०२२ ची. त्याच्या आदल्या वर्षी, २९ मे २०२१ ला, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. तेव्हा मीम्स टाकून सगळे हसले. वर्षभरात भाव १२० च्या घरात गेला आणि हसू गेलं. पुढे केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, राज्याने व्हॅट कमी केला, भाव थोडा उतरला. पण मी सांगतोय ते त्या १२० च्या दिवसांतलं.

मी सासवडचा. हडपसरला एका गोदामात कामाला होतो, पगार १४,००० रुपये. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. माझी १२५ सीसीची गाडी लिटरला साधारण ५० द्यायची. म्हणजे रोज एक लिटर, रोज १२० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,१२०. पगार वाढला नव्हता, घरचा हप्ता चालू होता, बहिणीची फी भरायची होती. पंपावर "किती टाकू?" विचारलं की पोटात गोळा यायचा.

मग मी जुगाड शोधला. सकाळी हडपसरकडे जाताना दिवे घाट पूर्ण उताराचा. म्हटलं, उतारावर इंजिन कशाला पाहिजे? घाट सुरू झाला की गाडी न्यूट्रल करायची, चावी बंद करायची आणि आरामात खाली. मस्तानी तलाव दिसायला लागला की आपण हुशार असल्यासारखं वाटायचं. तीन आठवडे हे चाललं. कामावर दोघा-तिघांना मी ही ट्रिक शिकवलीसुद्धा. त्याची आज लाज वाटते.

एका सकाळी वळणावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. ब्रेक दाबला, पण तो नेहमीसारखा लागेना. वरून सतत ब्रेकवरच उतरत आलो होतो, ड्रम तापला होता. हॉर्न दाबला तर आवाजच नाही. चावी बंद होती ना! गिअर टाकायला गेलो तोवर टेम्पोचं फाळकं समोर आलं. गाडी कडेच्या मातीत घातली आणि आडवा झालो. कोपर सोललं, लेग गार्ड वाकलं, इंडिकेटर तुटला. मागून येणारी एसटी वेळेत थांबली, म्हणून मी आज बोलतोय.

संध्याकाळी घरी आलो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बावीस वर्षं टेम्पो चालवतात. पुरंदरचे अंजीर, सीताफळं मार्केट यार्डात नेतात. त्यांनी कोपर बघितलं, सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. डिझेल स्वस्त होतं तेव्हापण हेच होतं. हे मी तुला शिकवायला पाहिजे होतं." ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला. बिल झालं २,३०० रुपये. आता हिशेब बघा. १२० चा भाव आणि ५० चं अॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. घाटाचा उतार पाच किलोमीटर धरला, तरी जास्तीत जास्त १२ रुपये. १९० पेक्षा जास्त वेळा घाट उतरलो असतो तेव्हा कुठे ते बिल फिटलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. गॅरेजवाले मामा म्हणाले, "अरे, तुझी गाडी बीएस-सिक्स, इंजेक्शनची. गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडलास की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतो. चाकच इंजिन फिरवतं." म्हणजे उतारावर, क्लच न दाबता, गाडी गिअरमध्ये असली की पेट्रोल जवळपास लागतच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं, तर ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल पीत राहतं. आणि मी चावी बंद करून जे वाचवत होतो, ते गाडी स्वतःच वाचवत होती. वर इंजिनचा ब्रेक फुकट मिळतो, तो वेगळाच.

मग मी जे केलं ते साधं आहे. तुम्हीही करा.

पहिलं, मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करा. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा.

दुसरं, हवा. आठवड्यातून एकदा, टायर गार असताना, गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढीच.

तिसरं, गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. लगेच अडलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन कोरडी, नाहीतर जास्त ताणलेली आहे. माझ्या गाडीत दोन्ही होतं! म्हणजे मी रोज ब्रेक लावूनच पुण्याला जात होतो.

चौथं, मनगट. झटक्यात पिळायचं आणि सिग्नलला कचकन दाबायचं, म्हणजे पेट्रोल जाळून ब्रेक तापवणं. वेग वाढतो त्याच्या कितीतरी पट हवेचा विरोध वाढतो. सत्तरच्या जागी पन्नासने गेलो तर मला सात-आठ मिनिटं जास्त लागायची. लांबच्या सिग्नलला मात्र इंजिन खुशाल बंद करा. तिथे गाडी उभी असते.

आणि पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हे सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. त्यापेक्षा भरताना मीटरवर शून्य बघा. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, लाजू नका.

एवढं करून माझी गाडी ५० वरून ५८ वर आली. त्या भावाने महिन्याला साधारण ४३० रुपये वाचले. मी श्रीमंत झालो नाही. भाव आपल्या हातात नाही आणि १४,००० पगाराचं दुखणं टायरमध्ये हवा भरून बरं होत नाही, हेही खरं. पण पैसे कमी असले की माणूस आधी स्वतःच्या जिवात काटकसर करतो. मीही तेच केलं होतं. ती एक जागा सोडून बाकी कुठेही काटकसर करा.

ज्या दोघा-तिघांना मी ट्रिक शिकवली होती, त्यांना कोपर दाखवून परत सांगितलं. तुमच्या ग्रुपमध्येही असा एक हुशार असेलच. त्याला हा भाग पाठवा. आणि पुढच्या तीन टाक्यांचं अॅव्हरेज मोजून मला कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा, आणि घाट गिअरमध्येच उतरा!