वर्गणी, देणगी आणि स्थायी निधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिरुवल्लिकेणी येथे भरलेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पैशाविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. अशा प्रसंगी संस्थापकांचे स्मरण व्हावे, गतकाळाचा आढावा घेतला जावा, नाट्यसंगीताची एखादी बैठक रंगावी, हेच उचित; आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या सर्वांची तरतूद आहेच. तरीही कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्या होत होत आम्ही अनेक शहरांतील महाराष्ट्रीय मंडळांचे सभासद झालो. सर्वत्र एक गोष्ट दृष्टीस पडली. मंडळे भांडणांनी क्वचितच मोडतात. ती बहुधा निधीवाचून हळूहळू थकत जातात. प्रथम ग्रंथालयात नवी पुस्तके येईनाशी होतात, मग मुलांचा मराठीचा वर्ग बंद पडतो, आणि शेवटी गणेशोत्सवापुरते पाच दिवसांचे मंडळ शिल्लक राहते.

आपल्या हाती पडणाऱ्या स्मरणिकेकडेच पाहा. तिच्यातील जाहिरातींसाठी कार्यकर्त्यांनी उन्हातान्हात किती पायऱ्या झिजविल्या असतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्या श्रमांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु सुवर्णमहोत्सव एकदाच येतो. जाहिरात देणारा व्यापारी आपल्या ओळखीखातर देतो. ओळखीचा मनुष्य बदलून गेला की जाहिरातही जाते. हा पावसाळी ओढा आहे. त्याच्या भरवशावर बारमाही शेती करता येत नाही. तेव्हा प्रश्न असा की, बारमाही पाणी कोठून आणावे?

याचे एक उत्तर आपण आज ज्या पेठेत जमलो आहोत, तिनेच देऊन ठेवले आहे. १९०४ साली या तिरुवल्लिकेणीत ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. त्याच वर्षी हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा झाला. परंतु त्यात तरतूद होती ती केवळ पतसंस्थांची. ग्राहकांनी आपले दुकान आपणच चालवावे, ही कल्पना येथे नवीनच होती. तिचा आदर्श होता इंग्लंडातील रॉचडेल गावचा. तेथे १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकीत प्रत्येकी एक पौंड जमविला आणि दुकान थाटले. तिरुवल्लिकेणीच्या संस्थेमागे जी मंडळी उभी राहिली, त्यांत येथील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. हेच शास्त्री पुढे १९०७ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ साली गोखल्यांच्या निधनानंतर त्या समाजाचे अध्यक्ष झाले. पुण्याने आपल्या संस्थेची धुरा तिरुवल्लिकेणीच्या शिक्षकाकडे सोपविली, ही आपणां सर्वांना अभिमान वाटावी अशी घटना आहे.

सहकारी दुकान आणि आपले मंडळ यांत भेद आहे, हे आम्ही जाणतो. दुकानाच्या सभासदाला स्वस्त आणि चोख माल मिळतो. मंडळाच्या सभासदाला तसा हिशेबी लाभ नाही. परंतु ही संस्था शंभराहून अधिक वर्षे टिकली, ती कोणा एका धनिकाच्या औदार्यावर नव्हे. ज्यांच्यासाठी ती होती, त्यांनीच थोडे थोडे भांडवल घातले होते. म्हणूनच तिचा हिशेब विचारण्याचा अधिकारही त्यांना होता. वर्गणीचे हेच मर्म आहे. वर्गणीने पैसा येतो हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने माणूस बांधला जातो.

दुसरे उत्तर तंजावराकडून येते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठी राज्याची स्थापना केली, आणि पुढे त्या घराण्याने वाटसरूंसाठी छत्रे उभारली. दुसऱ्या शरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने उभारलेले छत्र प्रसिद्धच आहे. तेथे केवळ अन्नदान नव्हे, तर विद्यादानही होत असे. अशा छत्रांना गावांचे आणि जमिनींचे उत्पन्न लावून दिलेले असे. राजाने दर वर्षी हात सैल सोडावा, अशी वाट पाहण्याची वेळ छत्रावर येऊ नये, ही त्यामागील दृष्टी. ज्याला आज आपण स्थायी निधी म्हणतो, तो याच विचाराचा वारस होय: मूळ धनाला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नावर कार्य चालवायचे. दक्षिणेत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी हा धडा गिरविला. १९१२ साली याच शहरात त्यांनी ‘मराठा एज्युकेशन फंड’ काढला. संस्थेच्या नावातच त्यांनी ‘फंड’ हा शब्द घातला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. अण्णासाहेब कर्व्यांचे नाव स्त्रीशिक्षणासाठी आपण घेतो. निधी उभारण्याच्या कलेतही त्यांच्या तोडीचा मनुष्य विरळा. आपल्या मुरूड गावासाठी त्यांनी तरुणपणीच ‘मुरूड फंड’ काढला. पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्यांनी अल्प वर्गणी पाठवावी आणि तिच्यातून गावाचे हित साधावे, अशी ती योजना होती. गावापासून दूर गेलेला माणूस गावाला विसरत नाही, पण त्याला कोणी नियमाने विचारले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयाच्या सुट्ट्यांत ते गावोगाव हिंडून पैसा जमवीत.

याच कर्व्यांच्या चरित्रात मोठ्या देणगीचेही प्रकरण आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाख रुपये देऊ केले, आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. त्या काळी ही देणगी अपूर्व होती, आणि तिच्यावाचून विद्यापीठाचा तसा विस्तार झाला नसता. परंतु मोठ्या देणगीबरोबर अटी येतात. १९२२ साली दाते निवर्तले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेदांचे प्रसंग आले, आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईस गेले. मोठी देणगी नाकारावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, तिच्या शेजारी शेकडो लहान वर्गण्यांचा आधार असावा, म्हणजे दात्याशी बोलताना संस्थेचा कणा ताठ राहतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तो कणा कसा घडविला, हे सर्वश्रुत आहे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. परंतु एका माऊलीच्या दागिन्यांवर संस्था चालणार नव्हती, म्हणून घरोघरी मुष्टिफंड सुरू झाला. गृहिणीने मूठभर धान्य बाजूला काढावे, एवढीच मागणी. ज्याच्या घरी रोख पैसा नाही, त्यालाही दाता होण्याचा मान यामुळे मिळाला. १९४८ साली सरकारी अनुदान काही काळ बंद पडले, तेव्हा संस्थेच्या पाठीशी हीच रयत होती.

भगिनी आणि बंधूंनो, इतिहास पुरे. आता आपल्या तिजोरीकडे येऊ. आमच्या काही सूचना आहेत. त्यांचा समितीने विचार करावा.

पहिली सूचना मासिक वर्गणीची. वार्षिक वर्गणी गोळा करणे हे कोणाही खजिनदाराच्या जिवावर येते. आज बँकेला एकदा लेखी वा मोबाइलवरून आज्ञा दिली की ठरलेल्या तारखेस रक्कम आपोआप मंडळाच्या खात्यात जमा होते. उदाहरणादाखल धरा: दोनशे कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर महिन्याला वीस हजार आणि वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. तेवढाच पैसा जाहिरातींतून आणायचा, तर दहा हजारांच्या चोवीस जाहिराती दर वर्षी मिळवाव्या लागतील. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरदारांनी शहर सोडले तरी वर्गणी सोडू नये. मुरूडकरांप्रमाणे तेही ‘परगावचे सभासद’ म्हणून पटावर राहावेत.

दुसरी सूचना स्थायी निधीची. आजीव सभासदांचे शुल्क, स्मृतिप्रीत्यर्थ आलेल्या देणग्या आणि अशा उत्सवांतील शिल्लक या निधीत जावी. देणगीदाराने ‘ही रक्कम स्थायी निधीसाठी आहे’ असे लिहून द्यावे आणि ती वेगळी गुंतवावी. पंचवीस लाखांच्या निधीवर साडेसहा टक्के व्याज धरल्यास वर्षाला एक लाख बासष्ट हजार पाचशे मिळतील. परंतु सगळे व्याज खर्चू नये. महागाई मुद्दलाला आतून पोखरीत असते. म्हणून व्याजाचा निदान चौथा हिस्सा पुन्हा मुद्दलात टाकावा. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण त्या तळ्याला बांध घालावा लागतो.

तिसरी सूचना कायद्याविषयी. ज्या करसवलतीला आपण वर्षानुवर्षे ‘८०-जी’ म्हणत आलो, ती धर्मादाय कार्यास मिळते. केवळ सभासदांच्या करमणुकीस किंवा विशिष्ट जातीपुरत्या कार्यास नव्हे. शिष्यवृत्ती, ग्रंथालय, मराठीचे वर्ग ही कामे सर्वांस खुली ठेवून त्यांच्यासाठी वेगळा न्यास करता येईल का, हे सनदी लेखापालांस विचारावे. दोन हजारांहून अधिक रोख देणगीस ही सवलत मिळत नाही, हे दात्यांस आधीच सांगावे. आणि एक नाजूक बाब. आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत. ज्यांचे नागरिकत्व भारतीयच आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले, त्यांची मात्र ठरते. ती घेण्यास केंद्र सरकारची नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते. मायेने पाठविलेल्या पैशामुळे मंडळ अडचणीत येऊ नये, म्हणून पावती फाडण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

चौथी सूचना हिशेबाची. दर तिमाहीस जमाखर्च फलकावर लागावा आणि प्रत्येक सभासदास पोहोचावा. देणगी घेताना आपण दात्याच्या दारी जातो. ती कशी खर्च झाली हे सांगण्यासही त्याच दारी जावे. मराठीच्या वर्गातील मुलाने स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे पत्र दात्याच्या घरी गेले, तर पुढील वर्षी मागण्याची पाळी बहुधा येणार नाही. तसेच कोणा एका दात्याचा वाटा वार्षिक उत्पन्नाच्या चौथाईहून अधिक होऊ लागला, तर समितीने सावध व्हावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नव्या पिढीला मराठी नीट वाचता येत नाही, तिला मंडळाची ओढ नाही. मग हा निधी कोणासाठी? आमचे उत्तर असे की, ओढ ही सहवासाने लागते आणि सहवासाला जागा, पुस्तके व शिक्षक लागतात. मराठीच्या वर्गाला शिकविणाऱ्या बाईंचे मानधन यंदा मिळेल, पुढल्या वर्षीही मिळेल. दहाव्या वर्षी ते कोण देणार, हे आज ठरले पाहिजे. ते ठरले नाही, तर वर्ग बंद होईल आणि मग मुलांना ओढ नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकारही आपणांस उरणार नाही.

म्हणून आमची समितीस विनंती आहे. महोत्सवाचा सर्व खर्च वजा जाता जी शिल्लक राहील, तिच्यातून नव्या खुर्च्या वा ध्वनिक्षेपक घेण्याचा मोह टाळावा. ती संपूर्ण रक्कम स्थायी निधीत घालण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा आणि त्याच सभेत मासिक वर्गणीचे अर्ज वाटावेत. पहिला अर्ज आम्ही भरू. आमची सेवानिवृत्ती जवळ आली आहे आणि पुढील मुक्काम कोठे, हे निश्चित नाही. वर्गणी मात्र येथेच येत राहील.

मंडळाच्या हीरकमहोत्सवास मराठीचा वर्ग भरलेला असो, ही सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!