प्रश्नपत्रिकेची अक्षरजुळणी आणि संगणक



चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशीचा एक प्रसंग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. गुरुजी रात्री जागून संगणकावर प्रश्नपत्रिका तयार करतात, सकाळी ती घेऊन तालुक्याच्या गावी छपाईच्या दुकानी जातात, आणि तेथे फाइल उघडताच मराठीच्या जागी रोमन अक्षरांची अर्थशून्य रांग दिसू लागते. दोष गुरुजींचा नसतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात यंत्र ‘क’ हे अक्षर साठवीतच नाही. एखाद्या रोमन अक्षराच्या खणात ‘क’चे केवळ चित्र बसविलेले असते. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रात नसला की चित्र जाते आणि खण तेवढा उरतो.

यास्तव मजकूर तयार करणाऱ्या कोणत्याही साधनाकडून पहिली अपेक्षा ही, की त्याने अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवावे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतात देवनागरीस १२८ स्थानांचा एक गट मिळाला. ‘ॲ’ या मराठीस आवश्यक अक्षरास मात्र स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. अशा संकेतातील धडा दृष्टिहीन मुलास यंत्राकडून वाचवून घेता येतो. चित्रांच्या फॉन्टातील धडा त्यास मुकाच राहतो.

अक्षरजुळणीच्या सौंदर्याचा ध्यास घेतलेल्या एका विद्वानाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हाती १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी छापलेली होती. नव्या यंत्राची जुळणी पाहून ते खिन्न झाले व स्वतःच जुळणीची आज्ञावली लिहावयास बसले. थोडक्या अवधीत संपेल असे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. ‘टेक्’ या त्या आज्ञावलीचा एक गुण विशेष आहे : ओळ कोठे तोडावी हे ती एकेका ओळीपुरते ठरवीत नाही, तर सबंध परिच्छेद पाहून ठरविते. त्यामुळे एका ओळीत शब्द दाटलेले आणि दुसरीत विरळ, असे सहसा होत नाही. दुसरा गुण स्थैर्याचा. १९९० मध्ये कनूथ यांनी तीत नवी भर घालणे थांबविले. पुढे केवळ दोषदुरुस्ती होत राहिली. जुन्या फाइलीतून पुन्हा तेच पान निघावे, हा त्यामागील हेतू.

मराठीच्या गरजा याहून काही निराळ्या आहेत. ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांचेही तेच. ज्या साधनास हा अर्धा र नीट उमटविता येत नाही, ते मुलास शुद्धलेखनात चुकवील आणि गुण मात्र मुलाचे जातील! ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. पहिलीतील बालकास फळ्यावर एक ‘श’ आणि पुस्तिकेत दुसराच ‘श’ दिसावा हे इष्ट नव्हे. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे असे साधनास सांगितले की त्याने योग्य ते निवडावे. ओळीअंती शब्द तोडताना ‘पु-स्तक’ असे तोडावे; ‘पुस्-तक’ असे जोडाक्षर फोडू नये.

हजेरीपट लावतानाही गोम आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’नंतर लगेच आहे. केवळ क्रमांकांवर विसंबणारे साधन ‘काळे’ हे नाव ‘कावळे’ या नावाआधी घालील. शिकविताना एक क्रम आणि पटावर दुसरा, हे कसे चालावे?

उरली मांडणी. शीर्षक मोठे व ठळक करण्यापेक्षा ‘हे शीर्षक आहे’ असे साधनास सांगता यावे; मग एका ठिकाणी बदल करताच सर्व शीर्षके बदलतात. प्रश्नांचे क्रमांक आपोआप पडावेत व मधला प्रश्न गाळल्यास पुढचे आपोआप सरकावेत. पुष्कळशा साधनांत ही सोय आजही आहे. ती वापरण्याचा कंटाळा तेवढा आड येतो. गुणांची बेरीज मात्र क्वचितच कोणी करून देते, आणि ५० गुणांची प्रश्नपत्रिका ४८ गुणांची निघते ती याचमुळे.

नवे साधन घेण्यापूर्वी एका कागदावर ‘आचाऱ्यास, दऱ्या, ॲड, श्री, लाल, शाळा, उद्ध्वस्त’ एवढे शब्द टंकावेत, फाइल पीडीएफ करून फॉन्टासह बांधावी व ती दुसऱ्याच यंत्रावर छापून पाहावी. परीक्षेच्या आठ दिवस आधी.