चार वाजताचा चहा आणि त्याचे अंदाजपत्रक



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय आणि राज्यघटना असल्या विषयांवर व्याख्याने व्हावयाची, तेथे चहाच्या खर्चाचा विषय घेऊन उभे राहावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. संयोजकांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. पण वसंत व्याख्यानमाला आणि चहा यांचे नाते आपणांस वाटते त्याहून जुने आहे. पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ही प्रथा सुरू केली, आणि त्याच रानड्यांना पुढे १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानापायी ग्रामण्यास तोंड द्यावे लागले. लोकमान्य टिळकही त्या प्रकरणात होते. एका दुपारच्या चहावरून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले! चहा कोणी कोणाच्या घरचा प्यावा, एवढाच तेव्हाचा प्रश्न होता. आज आम्ही ज्या चहाविषयी बोलणार आहोत, तो कंपन्यांच्या समारंभातला, आचाऱ्याकडून मागवलेला चहा. त्यात कोणी कोणाच्या हातचा प्यावा हा वाद उरलेला नाही. पण कप किती सांगावयाचे आणि ते कोणासाठी, हे ठरवण्याची वेळ आली की जुन्या वादाचा वास कोठून तरी येतोच.

जालन्यात ह्या विषयाला तोटा नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेची. पुढे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि गाव बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या जोडीला लोखंडी सळईचे कारखाने आले. म्हणजे खरिपाआधी बियाणे विक्रेत्यांच्या बैठका, हंगामात शेतकरी मेळावे आणि पीक पाहणीचे कार्यक्रम, ऑगस्ट-सप्टेंबरात वार्षिक सभा, आणि अधूनमधून कोठल्या तरी भट्टीचे उद्घाटन. प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत शेवटची ओळ ठरलेली: ‘दुपारी ४ वाजता चहापान’. अंदाजपत्रकातही ती शेवटचीच, आणि पैसे कमी पडू लागले की कात्री प्रथम तिलाच लागते.

दुपारच्या चहाची चाल इंग्लंडात १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसबाईंनी पाडली, असे सांगतात. दुपारचे जेवण हलके, रात्रीचे उशिरा, मधल्या वेळी बाईसाहेबांना भूक लागे. आमच्याकडील भुकेचे कारण निराळे आहे. मंठ्याचा किंवा जाफराबादेकडचा शेतकरी मेळाव्यास यावयाचा तर पन्नास-साठ किलोमीटरांचा प्रवास. तो सकाळी आठला भाकरी खाऊन निघालेला असतो. अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू होतो, कारण पाहुणे यावयाचे असतात. परतीची गाडी पाचची. त्याच्या दृष्टीने चारचा चहा हे दिवसातले दुसरे खाणे आहे. यजमानाने त्याच्यापुढे कागदी कपात चार घोट आणि दोन बिस्किटे ठेवली, तर तो काही बोलणार नाही, पण घरी गेल्यावर मेळाव्याविषयी विचारले की बियाण्याआधी बिस्किटांची गोष्ट सांगेल. म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात दरापासून करू नये असे आमचे मत आहे. माणसे कोठून येणार, घरून किती वाजता निघालेली असणार आणि परत केव्हा जाणार, हे आधी कागदावर लिहावे.

आता थोडी आकडेमोड करू. शंभर मिलिलिटरचा कप धरा. त्यात निम्मे दूध, अडीच ग्रॅम चहापत्ती, दहा ग्रॅम साखर. दोनशे कपांस दहा लिटर दूध, अर्धा किलो पत्ती, दोन किलो साखर. भाव रोज बदलतात, पण उदाहरणादाखल दूध ६० रुपये लिटर, पत्ती ४८० रुपये किलो आणि साखर ४५ रुपये किलो धरली, तर ६०० अधिक २४० अधिक ९०, एकूण ९३० रुपये. कपाला चार रुपये पासष्ट पैसे. आले, वेलदोडा, गॅस मिळवा आणि साडेपाच म्हणा. आचारी कपाला पंधरा रुपये सांगतो तेव्हा खरेदी खात्यातील मंडळींना वाटते की हा लुटतो आहे. पण वरचे साडेनऊ रुपये जातात कोठे? टेम्पोचे भाडे, दोन वाढपी, चहा गरम ठेवण्याची टाकी, कप, दुपारभराची खोटी, आणि कार्यक्रम दीड तास लांबला म्हणून पुन्हा उकळावा लागलेला चहा. ह्यातील शेवटची बाब यजमानाच्या हाती असते. वक्ते आवरले असते तर कपाचा दर उतरला असता. पण हे गणित आजवर कोणत्याही अध्यक्षांस पटल्याचे आमच्या पाहण्यात नाही. (विद्यमान अध्यक्षांनी राग मानू नये.)

संख्येच्या बाबतीत दोन आकडे ठरवावेत. एक हमीचा: इतक्यांचे पैसे कोणी आले न आले तरी द्यावयाचे. दुसरा वरचा: इतक्यांपर्यंत आचाऱ्याने त्याच दराने पुरवावयाचे. दोनशे निमंत्रणे गेली असतील तर हमी दीडशेची आणि वरची मर्यादा सव्वादोनशेची, हा सौदा दोघांनाही परवडतो, मात्र खाण्याचा पदार्थ तसा निवडला पाहिजे. कचोरी सकाळीच तळून ठेवावी लागते. उरली तर उरली. भजी माणसे पाहून तळता येतात. आणि आपल्या मराठवाड्याची सुशीला तर ह्या कामी मोठी गुणाची आहे. मुरमुरे पोत्यात कोरडे पडून राहतात, माणसे वाढली की पाण्यात घालून पिळावयाचे, फोडणी तयार असली की दहा मिनिटांत पन्नास बशा. उरलेले मुरमुरे खराब होत नाहीत. पंचतारांकित यादीत ह्या पदार्थाचे नाव नसते, म्हणून साहेबांना तो सुचत नाही, एवढेच.

येथपर्यंतचे सारे कोणीही हिशेबनीस सांगेल. आम्हांस मुख्यतः बोलावयाचे आहे ते त्या संख्येतून गळणाऱ्यांविषयी.

एका विक्रेता-बैठकीच्या वेळी आम्ही मंडपाच्या मागच्या अंगास उभे होतो. आत दोनशे खुर्च्या, दोनशे बशा. बाहेर लिंबाच्या सावलीत मोटारींचे चालक, मंडप उभारणारी पोरे, ध्वनिक्षेपकवाला, पोती उतरवणारे हमाल, दारावरचे पहारेकरी, असे मिळून पन्नासाच्या आसपास लोक. वाढप्याला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडं दोनशेचीच ऑर्डर हाय. आतलं उरलं तर देऊ.” आतले उरले, पण थंड झाल्यावर. आता वरचाच हिशेब घ्या. पन्नास कपांचा माल सव्वादोनशे-अडीचशे रुपयांचा. आचाऱ्याच्या दराने साडेसातशे. खाण्यासह बशी साठ रुपयांस ठरली असे धरले तरी तीन हजार. ज्या समारंभात पाहुण्यांना शाली, नारळ, स्मृतिचिन्हे आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस फलक आहेत, तेथे तीन हजारांनी कंपनी बुडत नाही. मग हे पन्नास का गळतात? कंजूषपणामुळे नव्हे, हे आम्ही खात्रीने सांगतो. यादी निमंत्रणपत्रिकांवरून होते, आणि ह्या लोकांना निमंत्रण गेलेले नसते. कागदावर त्यांना जागाच नसते. सबब अंदाजपत्रकाच्या नमुन्यात ‘निमंत्रित’ ह्या रकान्याशेजारी ‘उपस्थित’ असा दुसरा रकाना छापून घ्यावा आणि आचाऱ्याला आकडा दुसऱ्या रकान्यातला द्यावा. त्या रकान्यात वाढपी स्वतःही यावेत; चार वाजता सर्वांना चहा देणारा माणूस बहुधा सहा वाजता पितो.

कायद्याने हा विचार कारखान्याच्या आत पूर्वीच केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची तरतूद होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा शंभरावर आणली, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजावयाचे असे स्पष्ट म्हटले. समारंभाच्या मंडपाला हा कायदा लागू होत नाही. पण कंत्राटदाराचा माणूस तो आपला नव्हे, ही मोजणी जर कारखान्याच्या आत चालत नाही, तर फाटकाबाहेरच्या मंडपात ती का चालावी?

आता पाण्याकडे वळू. जालन्यात पाणी हा खर्चाचा स्वतंत्र रकाना असावा. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना हे समजावून द्यावयास नको. कपबशी वापरावी तर धुवावयास पाणी; कागदी कप घ्यावेत तर संध्याकाळी त्यांचा ढीग. प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या पेल्यांचा प्रश्न २०१८ च्या राज्याच्या बंदीने आणि १ जुलै २०२२ पासूनच्या देशव्यापी बंदीने मिटवला आहे. पावसाळ्यात व हिवाळ्यात कपबशी, आणि विहिरी आटल्यावर कागदी कप, असा आमचा सल्ला असतो. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मोजताना मात्र उन्हाळ्यात माणशी पाव लिटर धरण्याची चूक होते. मे महिन्यात मंडपाखाली बसलेला माणूस दोन तासांत लिटरभर पाणी सहज पितो. दोनशे माणसांना दहा जार लागतात, तीन नव्हे.

त्याच महिन्यात चहाही कमी खपतो. अशा वेळी निम्मा चहा आणि निम्मा मठ्ठा सांगावा. मोसंबीचा विचार तर जालनेकरांनी अवश्य करावा. २०१६ साली आपल्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तरी आपल्याच मेळाव्यांत बाटलीतले रंगीत पाणी फिरते. दीडशे मिलिलिटर रसाला साधारणतः चारशे ग्रॅम फळ लागते, म्हणजे दोनशे पेल्यांना ऐंशी किलो. मृग बहराची फळे उन्हाळ्याच्या तोंडी येतात, तेव्हा बाजारात भाव पाहून ठरवावे. भाव चढा असेल तर आग्रह नाही, मठ्ठा आहेच.

वार्षिक सभेचे प्रकरण थोडे निराळे. कंपनी कायद्याप्रमाणे ती सकाळी ९ ते सायंकाळी ६ ह्या वेळातच बोलवावी लागते, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेरीस संपत असल्याने बहुतेक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकाव्या लागतात. पूर्वी सभासदांना डबा, पिशवी, मिठाईचा पुडा देण्याची चाल होती. २०१५ साली लागू झालेल्या सचिवीय मानकाने सभेत भेटवस्तू वाटण्यास मनाई केली. हाती उरला चहा. पण ह्या दोन महिन्यांत श्रावण येतो, पर्युषण येते, पितृपक्षही कधी गाठतो. आपल्या गावात जैन समाज मोठा. त्यांना बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर खाणे नाही. सोमवारी सभा असली तर निम्मे सभागृह उपवासाचे. साबुदाणा महाग पडतो म्हणून कुरकुर करण्यापेक्षा सभेचा वार बदलावा, ते फुकट असते.

शेवटी पैसे चुकते करण्याविषयी. बाहेरून मागवलेल्या खानपानावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७५०० रुपयांहून अधिक असते, तेथे १८ टक्के. खाण्यापिण्यावरील ह्या कराची वजावट कंपनीला सहसा मिळत नाही, तेव्हा तो खर्चातच धरावा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आतील लहान आचाऱ्याला ह्या कराची नोंदणीच करावी लागत नाही. बिल मोठे असेल तर एकट्या माणसाच्या बिलातून १ टक्का प्राप्तिकर कापून भरावा लागतो, हे त्याला इसार देतानाच सांगावे. नाहीतर बिलाच्या दिवशी भांडण.

आणि इसाराविषयी. अलीकडे ही कामे बायकांच्या बचत गटांकडे जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दूध, तेल, गॅस ह्या तीनही वस्तू रोखीच्या. पंधरा हजारांचे बिल दोन महिने टेबलावरून टेबलावर फिरले, तर मोठ्या केटररच्या वहीत तो एक आकडा असतो, गटाच्या बायकांना मात्र किराणा दुकानदार उंबऱ्यावर उभे करीत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमाने अशा नोंदणीकृत पुरवठादारास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यास दात बसवले, सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. आम्ही आमच्या पक्षकारांना ४५ दिवसही सांगत नाही. निम्मे पैसे इसार म्हणून आठवडाभर आधी द्यावेत, आणि उरलेले त्याच संध्याकाळी, भांडी टेम्पोत चढण्यापूर्वी. त्यासाठी अंदाजपत्रकावर मंजुरीची सही कार्यक्रमाआधी झालेली असावी लागते. ज्या कचेरीत ती नंतर होते, तेथे बिलही नंतरच फिरते.

दोनशे माणसांच्या चहापानाचा नमुना, ‘उपस्थित’ ह्या रकान्यासह, आम्ही आखून आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी बाहेर टेबलावरून घ्यावा. तेथे चहाही ठेवला आहे, आणि मंडपवाल्यांना तो मघाशीच मिळाला आहे, ही चौकशी आम्ही येथे येण्यापूर्वी करून घेतली आहे.