आजीच्या ओव्या, चाळीस पिना आणि एक चुकीची केबल

ज्यांना आत्ता ऐकता येत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले अडखळणे आणि एक कोंबडा काढलाय.

आज मी निमगाव सावातल्या घरातून बोलतोय. विषय आहे हार्ड डिस्क कुठल्या केबलने, कुठल्या पोर्टला लागते तो. ऐकायला कोरडा वाटेल, पण आमच्या घरात मागच्या महिन्यात यावरून पाच दिवस जेवणं लांबली, म्हणून सांगतोच.

झालं असं. आमच्या चुलत्यांनी २००५ च्या सुमारास घरी कॉम्प्युटर घेतला होता. तो मोठा पांढरा डबा, वर पिवळा पडलेला मॉनिटर. चुलत भावाने तेव्हा गंमत म्हणून आजीला हेडफोनच्या माइकसमोर बसवून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. चौदा फायली. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर बंद पडला तो माळ्यावर गेला, आणि ओव्या त्याच्या पोटात राहिल्या. आता घरात लग्न निघालं, तर काकू म्हणाल्या, "अरे, हळदीला आत्यांचा आवाज लावता येईल का? तू कॉम्प्युटरचंच शिकलास ना?"

मी म्हणालो, "काकू, एक केबल आणली की दहा मिनिटांचं काम." हे वाक्य लक्षात ठेवा.

पुण्याला गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतून यूएसबीला हार्ड डिस्क जोडायची केबल आणली. घरी येऊन डबा उघडला, आणि बघतो तर डिस्कच्या पाठीमागे चाळीस पिनांचं लांबडं सॉकेट. माझ्या हातातल्या केबलचं टोक वेगळंच, चपटं, एल आकाराचं. दुकानदाराची चूक नाही. त्याने विचारलं होतं, "साटा ना?" आणि मी मान हलवली होती.

तर इथून सुरुवात करू. हार्ड डिस्क म्हणजे आतली फिरती तबकडी, आणि इंटरफेस म्हणजे ती कॉम्प्युटरशी ज्या दारातून बोलते ते दार. जुनं दार आयडीई, ज्याला पाटा पण म्हणतात. रुंद, चपटी, रिबनसारखी केबल. त्यात एकाच वेळी सोळा बिट सोळा तारांवरून शेजारी शेजारी धावतात. ऐकायला हे जलद वाटतं. पण दिंडी डोळ्यासमोर आणा. सोळा जणांची रांग रस्त्यावर एका ओळीत चालवायची, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पुढच्या खांबाशी पोचायचं. सावकाश चाललं तर जमतं. पळायला लावलं की कुणी पुढे, कुणी मागे, आणि शेजारच्याचा धक्का तिसऱ्याला. तारांचंही तसंच होतं. वेग वाढवला की सिग्नल एकमेकांत मिसळतात. म्हणून पुढे याच चाळीस पिनांच्या केबलमध्ये ऐंशी तारा घातल्या, मधल्या चाळीस नुसत्या अर्थिंगच्या, शेजाऱ्यांना वेगळं ठेवायला. तरी सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या पुढे हे प्रकरण गेलं नाही.

मग २००३ च्या आसपास साटा बाजारात आलं. दिंडी मोडली आणि एकेकाला मोटारसायकल दिली. साटाच्या डेटा केबलमध्ये फक्त सात जोड असतात. एक जोडी पाठवायला, एक जोडी घ्यायला, बाकी तीन अर्थिंग. बिट एकामागे एक जातात, पण इतके जोरात की आजचं साटा सेकंदाला ६ गिगाबिट नेतं.

इथं थांबा, कारण इथं आपण सगळे फसतो. गिगाबिट म्हणजे गिगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. शिवाय साटा प्रत्येक आठ बिट पाठवताना दहा बिट वापरतं, म्हणून ६ गिगाबिटचे हिशोबाने ६०० मेगाबाइट होतात, ७५० नाही. आणि फिरणारी हार्ड डिस्क त्यातले शंभर-दोनशे वापरते फार तर. म्हणजे दार मोठं, माणूस बारीक. हार्ड डिस्क असेल तर "साटा दोन की साटा तीन" यावर रात्र घालवू नका.

आता परत माळ्यावर. दुसरी केबल मागवली, ती साटा आणि आयडीई दोन्ही चालणारी, सोबत वेगळा अॅडॉप्टर. तो अॅडॉप्टर का लागतो? डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असते तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीचं साधं पोर्ट देतं ५ व्होल्ट. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर फिरते, म्हणून ती नुसत्या यूएसबीवर चालते. कुणी साडेतीन इंची डिस्क नुसत्या केबलला लावून "मेली वाटतं" म्हणत असेल, तर आधी तिला पोटभर वीज मिळतेय का ते बघा.

अॅडॉप्टर लावला. डिस्क घूंऽऽ करून फिरली. काकू खूश. कॉम्प्युटरवर मात्र काहीच दिसेना.

सगळा दुसरा दिवस यात गेला. केबल बदलली, पोर्ट बदललं, चुलत्यांचा लॅपटॉप घेतला. शेवटी डिस्कच्या पाठीमागे, चाळीस पिना आणि विजेचं सॉकेट याच्या मध्ये, एक तांदळाएवढं प्लास्टिकचं टोपण दिसलं. जंपर. जुन्या काळी एका रिबनवर दोन डिस्क लावायचे, मग एक मालक आणि एक नोकर, मास्टर आणि स्लेव्ह, असं या टोपणाने ठरवायचं. आमची डिस्क स्लेव्हवर होती, कारण डब्यात आधी तिच्या शेजारी सीडी ड्राइव्ह मास्टर होता. बहुतेक यूएसबी अॅडॉप्टरना समोर मास्टर लागतो. नखाने टोपण काढलं, लेबलवरच्या चित्राप्रमाणे सरकवलं, आणि दोन मिनिटांत ड्राइव्ह दिसला. आजकालच्या साटा डिस्कला ही भानगड नाही, एका केबलवर एकच डिस्क.

फोल्डर उघडायला गेलो तर परवानगी नाही म्हणे. जुन्या विंडोजवर पासवर्ड असलेल्या खात्याचं फोल्डर होतं. ते विचारून पुढे जाता येतं, फक्त वेळ लागतो. घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्या एका खिडकीला. डिस्क लावल्यावर विंडोज कधी कधी विचारतं, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" त्याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नाही. विंडोजला तिच्यावरची मांडणी वाचता येत नाही, एवढाच अर्थ. आपल्याकडे बिबट्यामुळे गोठ्यावर, विहिरीवर कॅमेरे लागलेत. त्या रेकॉर्डरमध्ये पण साधी साटा डिस्क असते, पण ती लिहितो त्याच्या स्वतःच्या पद्धतीने. ती काढून लॅपटॉपला लावली की हीच खिडकी येते, आणि घाईत कुणी "हो" म्हटलं की वाचवण्याचं काम दसपट अवघड. "नाही" दाबा. दर वेळी "नाही".

फायली कॉपी करायला लागलो. नऊ आल्या. दहावीपाशी डिस्क टक्‌ टक्‌ वाजायला लागली. त्या आवाजाचा अर्थ, वाचणारं टोक जागा शोधतंय आणि सापडत नाहीये. मी काय केलं? दोन वेळा परत लावून बघितली. ही माझी चूक. टक्‌ टक्‌ ऐकली की डिस्क बंद करायची, उरलेल्या चांगल्या फायली आधी काढायच्या, आणि अडलेली सगळ्यात शेवटी. त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे, ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागेला नंतर हात घालतं. ते वापरून आणखी दोन आल्या. चौदातल्या अकरा.

हा वेळ का लागला तेही सांगतो. चुलत्यांच्या लॅपटॉपचं पोर्ट यूएसबी २ होतं. कागदावर ४८० मेगाबिट, हातात सेकंदाला पस्तीस मेगाबाइटच्या आसपास. एखाद्या लग्नाचं ६० गिगाबाइटचं शूटिंग त्यातून काढायला अर्धा तास. तीच हार्ड डिस्क यूएसबी ३ ला लावली, आणि डिस्क शंभरावर देत असेल, तर दहा मिनिटांच्या आत. पोर्ट निळं असेल तर बहुतेक ३. पण नावांचा गोंधळ यूएसबीवाल्यांनी केलाय, त्याला तोड नाही. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ गिगाबिटच्या पोर्टाची तीन नावं. पाकिटावर नाव वाचू नका, गिगाबिटचा आकडा वाचा. आणि टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार आहे, वेग नाही. आयफोन १५ च्या साध्या मॉडेलचं पोर्ट टाइप-सी आहे, आणि वेग यूएसबी २ चा.

फोनला डिस्क लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फिरती डिस्क सुरू होताना एक अँपियरच्या जवळ ओढते, काही फोन तेवढं देत नाहीत, मग डिस्क नुसती टिकटिकते. एसएसडी असेल तर हा त्रास कमी. दुसरं, बरेच अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. नवी डिस्क असेल तर एक्सफॅट करून घ्या. नवी म्हणालो, भरलेली नाही.

लॅपटॉपात एसएसडी टाकणाऱ्यांचे मेसेज खूप येतात. एम डॉट टू हा पण आकारच. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. त्याच पट्टीत साटावाली पण येते आणि एनव्हीएमईवाली पण. पहिली सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत, दुसरी साडेतीन हजार, सात हजार. लॅपटॉपचं सॉकेट कुठली घेतं हे मॉडेल नंबर टाकून आधी बघा, पट्टी बसते म्हणून चालेलच असं नाही. मी केबलबाबत जे केलं ते तुम्ही करू नका.

बाहेरच्या डब्यातल्या डिस्कबद्दल लोकांना वाटतं ती काहीतरी वेगळी चीज असते. बऱ्याच डब्यांत साधी साटा डिस्क असते आणि साटाचं यूएसबी करणारी छोटी पाटी. पोर्ट तुटलं, तर कधी कधी नुसती पाटी गेलेली असते आणि डिस्क ठणठणीत. पण काहींत यूएसबी पोर्ट डिस्कच्याच सर्किटवर असतं, आणि काहींत ती पाटी माहिती कुलूपबंद करून लिहिते. तिथे दुसरी पाटी चालत नाही. म्हणून आधी उघडू नका, मॉडेल शोधा.

आता आपल्या शेजाराबद्दल, नाहीतर निमगावात बसून बोललो याला अर्थ नाही. खोडदची दुर्बीण, जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. सहलीला गेलेल्यांना आठवत असेल, तिथे मोबाइल बंद करायला सांगतात. आकाशातून येणारी रेडिओ कुजबुज इतकी बारीक असते की आपल्या यंत्रांचा आवाज तिला दाबून टाकतो. केबलही याला अपवाद नाही. इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून दिलंय की यूएसबी ३ च्या वायरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. तुमचा वायरलेस माउस डिस्क लावल्यावर अडखळतो, त्याचं एक कारण हे. माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, फरक पडेल.

आणि दुर्बिणींचं अजून एक. २०१९ साली कृष्णविवराचा पहिला फोटो आला, त्यात आपली दुर्बीण नव्हती, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या दुर्बिणींनी नोंदलेली माहिती, जवळपास पाच पेटाबाइट, इंटरनेटने पाठवणं शक्य नव्हतं. अर्धा टन हार्ड डिस्क विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावं लागलं. उंच डोंगरावर विरळ हवेत साध्या डिस्क टिकत नाहीत, कारण वाचणारं टोक हवेच्या थरावर तरंगतं. म्हणून हेलियम भरलेल्या बंद डिस्क वापरल्या.

आमच्या आजीच्या अकरा फायली आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत माझ्याकडे, एक क्लाउडवर, एक काकूंच्या पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह त्यांनी कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलाय. हळदीला त्यातल्या दोन लावल्या. तिसरी लावताना मागून आजीचा खोकला आला, तर काकू म्हणाल्या, "ते कापू नको हां."

राहिलेल्या तीन फायलींसाठी डिस्क रिकव्हरीवाल्याकडे द्यायची का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे. खर्च त्या कॉम्प्युटरच्या किमतीएवढा सांगितलाय. तोवर ती डिस्क बंद आहे, जंपर मास्टरवर, आणि तिच्या डब्यात मी ती केबलही ठेवलीय. तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर उघडून मागच्या सॉकेटचा फोटो पाठवा, कुठलं दार आहे ते पुढच्या भागात सांगतो. वीज लावायच्या आधी पाठवा.