स्वयंसेवा हीच नेतृत्वाची शाळा

(वरवे बुद्रुक, तालुका भोर, येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेतृत्व या विषयावर बोलणारा मनुष्य बहुधा थोर पुरुषांची चरित्रे सांगतो आणि श्रोत्यांनी तसे व्हावे असा उपदेश करून खाली बसतो. मला तसे करावयाचे नाही. ज्यांनी सभेला चटया अंथरल्या, पाणी वाहिले, नावे लिहून घेतली आणि रात्री पहारा केला, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. कायद्याची पदवी मी विधिमहाविद्यालयात घेतली; परंतु चार माणसांना एका निर्णयावर कसे आणावे हे मला त्या पदवीने शिकविले नाही. वस्त्यावस्त्यांतून जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या स्वयंसेवकांत बसून मी ते शिकलो.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या येथून कापूरहोळ, तेथून भोर आणि पुढे वरंधा घाट उतरला की महाड लागते. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पण त्यातील बाबासाहेबांचे भाषण आठवतो आणि त्यामागील राबणारे हात विसरतो.

मूळ हकीकत ध्यानात घ्या. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क लेखी मिळाला होता. तरीही १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नाही. कायद्याचा कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्याला चालविणारी माणसे लागतात.

ती माणसे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तयार केली. त्यांनी गावोगाव हिंडून लोकांना परिषदेची हाक दिली. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारोंच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. भरलेले तळे समोर असताना पाण्याचे पैसे मोजणाऱ्या त्या स्वयंसेवकांना हक्काचा अर्थ कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्ट कळला असेल. पहिला धडा हा, की ज्याने तयारीचे काम स्वतः केलेले असते त्यालाच लोकांची खरी अडचण ठाऊक असते. आणि ज्याला ती ठाऊक नाही त्याने पुढारीपण मागू नये.

दुसरा धडा संयमाचा. २० मार्च रोजी लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना झोडपण्यात आले. आपल्या लोकांत लष्करात चाकरी केलेले गडी होते. त्यांनी हात उचलला असता तर त्या दिवशी महाडात रक्तपात झाला असता. बाबासाहेबांनी शांत राहण्यास सांगितले व ते शांत राहिले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा ठोठावली. उलट मारामारी झाली असती तर दोन्ही पक्ष आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते. कित्येक दाव्यांचे कागद चाळल्यावर मी सांगतो, की रागाच्या एका क्षणाने आपला खरा पक्ष दुबळा झालेला मी वारंवार पाहिला आहे.

तिसरा धडा सर्वांत कठीण. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा करण्याचे ठरले. परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. दुकानदार माल देणार नाहीत हे ओळखून शिधासामग्री बाहेरून आणण्यात आली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावे नोंदविली. परंतु प्रतिपक्षाने आधीच दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तुरुंगात जाण्याची सिद्धता करून आलेल्या त्या लोकांना ‘थांबा’ म्हणावयाचे होते. बाबासाहेबांनी ते हुकूम सोडून सांगितले नाही; परिषदेपुढे विचार मांडला, कारणे दिली आणि सर्वांच्या संमतीने सत्याग्रह तहकूब झाला. मग लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले व घरी गेले. बंधूंनो, लोकांना पुढे नेणे सोपे असते. उसळलेल्या लोकांना विश्वासात घेऊन थांबविणे ही नेतृत्वाची खरी कसोटी होय. आणि हाती आलेली संधी समूहाच्या निर्णयासाठी सोडणे ही अनुयायांचीही कसोटी होय.

चौथा धडा चिकाटीचा. तो दावा महाडच्या कोर्टातून ठाण्यास व तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अस्पृश्यांना मनाई करण्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. पाणी पिण्यास काही क्षण लागले. तो हक्क न्यायालयात टिकविण्यास दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत कागद सांभाळणारे, तारखांना हजर राहणारे व वर्गणी गोळा करणारे कोण होते? त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या शिवारालगत हमरस्ता आहे, त्यावर कारखान्यांच्या गाड्या धावतात, तरुण पाळ्यांवर कामाला जातात आणि जमिनींचे व्यवहार झपाट्याने होतात. अशा काळात वस्तीला जागृत कार्यकर्त्यांची गरज वाढली आहे. पण वस्तीवस्तीत काय दिसते? जयंतीला एकाच वस्तीची दोन मंडळे, दोन वर्गण्या आणि फलकावर स्वतःच्या छायाचित्राखाली ‘भावी नेतृत्व’ ही अक्षरे! फलकावरचा नेता जयंतीनंतर दिसत नाही. दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारी विधवा मात्र वर्षभर दिसते.

बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान देणारी दुरुस्ती संसदेने १९९० साली केली, म्हणजे धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. त्या सवलतीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, गावनमुन्यातील नोंद यांचा शोध कोण घेणार? हे काम शिकलेल्या तरुणांनी करावे. एका कुटुंबाचे कागद पूर्ण करून देणाऱ्यास वस्तीचा इतिहास, कचेरीची रीत आणि माणसाचा स्वभाव, तिन्ही कळतात.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, वस्तीचे मंडळ एकच असावे व त्याच्या जमाखर्चाची वही दर पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर वाचावी. दोन, प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहावे आणि विरोधी मतही त्यात नोंदवावे. तीन, अध्यक्ष व खजिनदार दरवर्षी बदलावेत. चार, या पदांवर भगिनींना बरोबरीने बसवावे; महाडच्या डिसेंबर परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, ते त्यांनी केवळ श्रोते राहावे म्हणून नव्हे.

कोणी म्हणेल, पदे दरवर्षी बदलली तर मोठा नेता घडणार कसा? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले, की बौद्ध भिक्षुसंघांना ठराव, गणसंख्या व मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजा अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. भगवान बुद्धांनीही आपल्या पश्चात कोणा एकाला गादीवर बसविले नाही. धम्म व विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगितले. ज्या समूहात शंभर माणसे काम जाणतात त्याला नेत्याची उणीव भासत नाही. ज्या समूहात एकच माणूस काम जाणतो त्याचा नेता विकत घेतला की समूहच विकला जातो.

तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने या पौर्णिमेपूर्वी वस्तीतील एका घराचे अपुरे राहिलेले काम हाती घ्यावे आणि ते तडीस नेल्यावरच दुसरे घ्यावे. नाव कोणाचे झाले हे विचारू नये. काम झाले की नाही हे विचारावे.

जय भीम!