पिशवी, कोयता आणि उचल

(जवळा बाजार येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी तिघीजणींनी मला वेगवेगळं गाठलं. नावं सांगणार नाही. तिघींनीही आधी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. बोलणं मात्र एकच, "ताई, पिशवी काढली तवापासून कंबर धरते, वाकवत नाही. नशीब माझं." एकाच सतरंजीवर बसलेल्या बाया, आणि एकीचं दुसरीला माहीत नाही. म्हणून ठरवलेलं भाषण बाजूला ठेवते.

2019 साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एवढ्या जणींचं नशीब एकाच तऱ्हेनं कसं फुटलं?

कारखान्याला बाई म्हणून आपण जात नाही, कोयता म्हणून जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. मजुरी टनावर, तीही दोघांची मिळून. एक दिवस खाडा झाला की दंड कापतात, मग ताप असो, पाळी असो, पोट असो. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, दिवसभर तोच कपडा. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात सांगतात, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." घरचे म्हणतात, लेकरं झाली, आता पिशवी ठेवून काय करायचं? पाळी गेली तर खाडाही गेला. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाचे. ते फेडायला पुन्हा फड.

लेकींच्या लग्नाचंही हेच. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, उचल कमी मिळते. म्हणून तोडीला निघायच्या आधी पोरीला उजवून टाकतात, वय कुणी विचारत नाही.

हे पूर्वापार नाही, बरं का. 1972 च्या दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली. तिचे गोडवे मी गाणार नाही, हाताची सालं निघायची. पण हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं असायचं. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढले, त्यांना सहा महिन्यांपुरती माणसं हवी होती. इकडे कोरडवाहू रान, नाहीतर रानच नाही. आपल्याजवळूनच येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं जातं, पण भूमिहीन बाईला कालवा काय कामाचा? तिचं नाव कोयत्यात बुडालं ते बुडालंच.

बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी सरकारी डॉक्टरची परवानगी लागू केली. चांगलं झालं. पण खाडा कापायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्यासारख्या शिकलेल्या कार्यकर्त्याही स्वच्छतेची शिबिरं घेतो, बायांना पॅड वापरायला सांगतो. पाणी नसलेल्या फडात! मीही घेतलीत अशी शिबिरं.

एकीनं मला विचारलं, "मग कारखान्याला जाऊच नको का?" तिला जा किंवा नको जाऊ, काहीच म्हणू शकले नाही. तिची उचल आधीच घेतलेली आहे.

आज एवढंच करू. ही वही फिरवते. नवऱ्याचं नको, स्वतःचं नाव सांगा. उचल किती, हातात कुणाच्या दिली, खाड्याचे किती कापले, पिशवी कोणत्या वर्षी काढली आणि काय सांगून काढली. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं लिहावं. आणि हळू बोलायचं कारण नाही.