बदलीआधीचा हिशेब

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून पुण्याला बदली झाली की पगार वाढणारच, असं आपण धरून चालतो. घरभाडे भत्त्याचा दर पुण्यात इथल्या तिप्पट, नागपुरात दुप्पट, हे खरं. पण आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयानुसार मिळणारी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी तो भाग सोडताच थांबते. माणूस मूळ वेतनश्रेणीवर येतो. घरी मात्र हे पहिल्या पगारपत्रकावरच कळतं!

खर्चाचंही तसंच. इथं घरचा तांदूळ, परसातली वांगी. तिथं भाडं, अनामत, बसपास. मात्र दुखणं आलं की इथून गडचिरोली, नागपूर गाठावं लागतं. तो खर्चही मांडा, तो हमखास विसरला जातो. वहीत दोन रकाने आखा, वर्षभराचा हिशेब करा आणि मगच होकार कळवा.